लॅपटॉपवर पाटा

आमच्या मामांशी, म्हणजे माझ्या सासऱ्यांशी, माझं भांडण लग्नापासूनचं. माणूस सोन्यासारखा, पण कटकट म्हणजे काय विचारू नका! मारुतराव त्यांचं नाव. चाकणच्या एका कंपनीत जन्मभर मेंटेनन्सला होते. तिथं मशीन उघडायच्या आधी मेन स्विच बंद करायचा आणि त्यावर आपल्या नावाचं लाल कार्ड अडकवायचं, अशी शिस्त. ज्याचं कार्ड, त्यानंच काढायचं. रिटायर झाले आणि ती शिस्त घेऊन घरी आले. मिक्सर उघडला, लाव कार्ड. गिझर बिघडला, लाव कार्ड. मी टॉवेल घेऊन ताटकळत उभी, आणि मामा कार्ड लावून आमच्या महाळुंगे गावाच्या पारावर गप्पा हाणायला गेलेले. बरं, दुसऱ्या कुणी कार्ड काढलं की घर डोक्यावर!

त्या आठवड्यात माझा जीव टांगणीला लागला होता. बी.एड. असूनही मुलं झाल्यापासून मी घरीच. आता परदेशातल्या मराठी मुलांना ऑनलाइन शिकवायची नोकरी हाताशी आली होती, आणि शनिवारी त्याचा डेमो क्लास. मोबाइल चालणार नाही, लॅपटॉपच हवा, असं तिथल्या बाईंनी बजावलेलं. आणि नेमकं सोमवारी लॅपटॉपचं झाकणच मिटेना. खालून कीबोर्ड वर आलेला. कुणाला तरी दाखवू म्हणून मी तसाच ठेवला आणि भाजीला गेले. येऊन बघते तर सासूबाईंनी, आमच्या सुभद्राआत्यांनी, त्याच्यावर पाटा ठेवलेला. वर वरवंटाही!

"आगं, फुगलाय त्यो. दाबून ठिवला म्हंजी बसंल."

मला हसावं की रडावं कळेना. तेवढ्यात मामा आले आणि बघताच ओरडले. आधी चार्जर उपटला, मग दोन्ही हातांनी पाटा अलगद उचलला. "बॅटरी फुगलीया ती! दाबली तर पेट घ्यील!" लॅपटॉप बंद करून गॅसपासून लांब पडवीतल्या फरशीवर नेला आणि लगेच त्यावर लाल कार्ड: 'मारुतराव. हात लावू नये.'

"मामा, शनिवारी माझा क्लास आहे!"

"व्हय, त्याच्या आत करू की. पर ही बॅटरी आता वापरायची न्हाई, आन् चार्जिंगलाबी लावायची न्हाई."

दुसऱ्याच दिवशी पिंपरीला जाऊन बॅटरी घेऊन आले. म्हणे, सेम टू सेम हाय. मी लॅपटॉपच्या पाठीवरचा मॉडेल नंबर ताडून पाहिला. सेम कसली डोंबलाची, भलतीच! मी अशी तापले! "कंपनीत असलाच पार्ट बसवत होतात का?" मामांनी खिशातलं पेन काढलं. नंबर लिहून घेऊन बिचारे पुन्हा गेले. दुकानदाराला मागवावी लागली, त्यामुळं बरोबरची बॅटरी आली ती थेट शनिवारी सकाळी.

पडवीत टेबल मांडलं. स्क्रू ठेवायला मामांनी आत्यांचा मसाल्याचा डबाच रिकामा केला. लांब स्क्रू मोहरीच्या वाटीत, आखूड जिऱ्याच्या. आत्यांनी जो दंगा केला! मागचं झाकण कसंबसं निघालं, पण आतले स्क्रू इतके बारके, की मामांचा हात थरथरायला लागला. स्क्रूड्रायव्हर घसरला. पुन्हा घसरला, तो त्या फुगलेल्या बॅटरीच्या अगदी शेजारी. मामा थांबले. घड्याळाकडं बघितलं, माझ्याकडं बघितलं. मग कार्ड उचललं, स्वतःचं नाव खोडलं आणि खाली माझं लिहिलं, 'मंजुषा'.

"माझा हात आता भरवशाचा न्हाई राहिला. तू कर. मी हाय हितंच."

मला भरून आलं, खरं सांगते. ह्या माणसानं आपल्या हातातलं काम आजवर कुणाला दिलं नव्हतं.

मी आधी बॅटरीचा कनेक्टर सोडवला, वायर न ओढता. मग स्क्रू. "टोचू नगं, वाकवू नगं," मामा कानाशी पुटपुटत होते. जुनी बॅटरी निघाली तशी त्यांनी ती कोरड्या वाळूच्या डब्यात ठेवून अंगणात लांब नेली, ई-कचरावाल्यांकडे द्यायला. नवी बसली, झाकण लागलं. बटण दाबलं आणि स्क्रीन उजळली. आत्यांनी तर टाळ्याच पिटल्या!

केसांवरून कंगवा फिरवून मी क्लासला बसले. शिकवणं झकास झालं. शेवटी बाईंनी विचारलं, "मध्येच तांत्रिक अडचण आली, तर काय कराल?"

मी बोलून गेले, "आमचं मेंटेनन्स खातं घरातच आहे, मॅडम. मारुतराव माझे साहेब. मी त्यांच्या हाताखाली."

दाराआड मामा ऐकत होते. रिटायर झाल्यापासून त्यांना साहेब कुणी म्हटलं नव्हतं. माणूस बनियनवरच सरळ आत आला, कॅमेऱ्यासमोर! मी लाजेनं मेले.

"नमस्कार, म्याडम," मामांनी हात जोडले. "हाताखाली-बिताखाली काय न्हाई. आजचं समदं काम तिनं केलंया. लई गुणाची पोर हाय. घ्या तिला."

बाई खळखळून हसल्या. मग त्यांनी मामांनाच सांगितलं, "घेतली, साहेब."