मारुतीची अकरा पानं

आमच्या समोरच्या फ्लॅटमधल्या नयनाकाकू भलत्याच हट्टी. पुण्याहून मस्कतला येऊन बावीस वर्षं झाली, पण शनिवारी मारुतीच्या तसबिरीला रुईच्या अकरा पानांची माळ कधी चुकली नाही. वादी कबीरला आमच्या इमारतीमागच्या कोरड्या वादीत, म्हणजे ओढ्याच्या पात्रात, रुई आपोआप उगवते. तिचा चीक डोळ्यांत गेला तर केवढ्याला पडेल, हे मी दरवेळी बजावायचे. ऐकतील तर शपथ!

गेल्या हिवाळ्यात माळ ओवताना पानांवर सात अळ्या निघाल्या. पांढऱ्या-काळ्या-पिवळ्या पट्ट्यांच्या. काकू किंचाळल्या, तशी माझी नऊ वर्षांची इरा धावली. "काकू, हा मोनार्क बटरफ्लायचा कझिन आहे! बुकमध्ये आहे. हा फक्त हेच लीफ खातो." रुईच्या चिकानं ही अळी इतकी कडू होते की पक्षीही तिच्या वाटेला जात नाहीत, असंही तिनं मोडक्या मराठीत समजावलं. झालं! खजुराच्या रिकाम्या डब्यात अळ्यांचा संसार थाटला. शाळेतून आली की इरा तिकडेच. मला रागच यायचा, खोटं कशाला बोलू?

पुढच्या गुरुवारी पुराचं पाणी तुंबू नये म्हणून जेसीबीनं वादी साफ केली. औषधाला रुई उरली नाही. काकूंनी पालक दिला, कढीपत्ता दिला, कोथिंबीरसुद्धा. अळ्या हुंगल्यासारखं करून मागे फिरायच्या. "काकू, त्यांना भूक लागला," म्हणत इरा रडकुंडीला आली.

फ्रीजमध्ये शनिवारची अकरा पानं होती. काकू बराच वेळ देवासमोर उभ्या राहिल्या. मग पानं डब्यात ठेवली. त्या शनिवारी मारुतीला माळ नव्हती. मला तेव्हा त्यांचं फार कौतुक वाटलं.

रविवारी दुपारी पानांच्या नुसत्या शिरा उरल्या. काकूंचे यजमान नंदूकाका रुसैलच्या कारखान्यात नोकरीला. संध्याकाळी ते तिथल्या कुंपणाजवळची पिशवीभर रुई घेऊन आले. काकू देवासाठी पानं धुऊन घेतात. ही मात्र तशीच घातली, कारण ओल्या पानांनी अळ्या दगावतात असं नेटवर वाचून मीच सांगितलं होतं.

सोमवारी सकाळी सातही अळ्या काळ्या पडून तळाशी होत्या. नंदूकाकांनी कारखान्यात फोन केला. माळी म्हणाला, "साब, कल सुबह ही दवाई मारा था." काकूंनी डोळे पुसत डबा रिकामा केला. कुणाला बोलणार? काकांना, माळ्याला, की मला?

दुपारी इरा आली. काकूंनी रिकामा डबा पुढे केला. "उडून गेली गं फुलपाखरं. सगळी."

अळीचा कोष होऊन फुलपाखरू निघायला किती दिवस लागतात, हे इराला पाठ होतं. तिनं डब्यात पाहिलं, मग काकूंच्या सुजलेल्या डोळ्यांकडे.

"हो काकू," ती त्यांना बिलगून म्हणाली, "मी पाहिला त्यांना. स्कूल बसमधून."