मास्टरची टेप

ब्रह्मदेवाने सृष्टी निर्माण करण्याआधी मिनिटभर रंगीत पट्ट्या दाखवल्या असणार, मग कान किटवणारा एकसुरी ‘टूंऽऽ’ वाजवला असणार, मग पाटीवर नाव आणि अवधी लिहून थोडा काळोख ठेवला असणार आणि मगच कामाला हात घातला असणार, यावर मनापासून श्रद्धा असलेले पृथ्वीतलावरचे एकमेव गृहस्थ म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान, आमचे भावजी. राहायला बदलापुरात, कात्रपला. काम उल्हासनगरात, एका जीन्सच्या कारखान्याच्या डोक्यावरच्या खोलीत. टीव्हीवर लागायच्या कार्यक्रमाची शेवटची, पक्की प्रत, म्हणजे अशाच पट्ट्यांनी आणि ‘टूंऽऽ’ने सुरू होणारी मास्टर टेप, ते तयार करायचे. कार्यक्रम कोणी का बनवेना, वाहिनीकडे जाण्याआधी तो भावजींच्या हाताखालून जायचा, आणि त्यांच्या हाताखालून सुखासुखी काहीही जात नसे. ताईसुद्धा नाही.

त्यांचा फोन आला की आधी एकाच पट्टीत घसा खाकरल्याचा आवाज. मग, “मी बोलतोय. विषय दूध. अवधी दहा सेकंद.” मग तीन सेकंद शांतता. तेवढ्यात नवा माणूस फोन ठेवून द्यायचा, आणि दूध राहायचं ते राहायचंच. जेवायला बसले की चटणी, लोणचं, कोशिंबीर सगळं ताटाच्या मधोमध भातावर ओढून घ्यायचे. का, तर कडेचं काही घरांतल्या टीव्हीत कापलं जातं! “अहो भावजी, हे ताट आहे,” असं मी म्हटलं की म्हणायचे, “सवय चांगली असावी, मेव्हणीबाई.” ताईने लग्नात लाल शालू नेसू नये म्हणून हा माणूस खुद्द मुहूर्ताच्या आदल्या दिवशी आमच्या घरी येऊन बसला होता. लाल रंग पडद्यावर फुटतो म्हणे. आईने जे काही ऐकवलं ते इथे लिहिण्यासारखं नाही. ताई लालच नेसली, आणि भावजी सप्तपदी डोळे बारीक करून चालले. त्यांच्या घरी कैरीच्या लोणच्याच्या बरणीवर ‘अंतिम’ अशी चिठ्ठी असायची, शेजारच्या बरणीवर ‘अंतिम, सुधारित’, आणि मागच्या बरणीवर ‘हीच धरावी’.

सगळ्यांत कहर म्हणजे तपासणी. टेप तयार झाली की ती पहिल्या पट्टीपासून शेवटच्या काळोखापर्यंत एकट्याने, न उठता बघायची. मध्ये शिंक आली तरी परत पहिल्यापासून. न बघितलेली टेप त्यांनी आयुष्यात कोणाच्या हाती दिली नव्हती, आणि दोष नाही असं कधी म्हटलंही नव्हतं. त्यांचं सर्वोच्च कौतुक म्हणजे “चालेल”.

अशा माणसाकडे मी माझा पहिलावहिला कार्यक्रम घेऊन गेले. शिरगावात एक आजी होती, लग्नात धवले गाणारी, पंचक्रोशीतली शेवटचीच म्हणायला हरकत नाही. तिच्यावर अर्ध्या तासाचा कार्यक्रम मी मरमरून केला होता. रविवारी सकाळी लागणार होता. शुक्रवारी पाचच्या आत टेप मुंबईत पोचली नाही तर ती वेळ दुसऱ्याला, आणि आपण पुन्हा रांगेत, सहा महिने मागे. आजीचं वय ऐंशीच्या पुढे. तिने तर सोयऱ्याधायऱ्यांना आवतणं दिली होती. रोज मला विचारायची, “गो पोरी, मना टीव्हीन कवा दावतील? सगल्यांना सांगलाय मी!”

शुक्रवारी दुपारी भावजींनी टेप खाकी कागदात बांधून खालच्या वॉचमनकडे ठेवली आणि ते जेवायला बसले. मी धावतपळत आले, टॅक्सी रस्त्यात उभी. वॉचमनला म्हटलं, “मास्टर टेप दो, जल्दी.” त्याने खाकी पुडकं दिलं, मी निघाले. वाहिनीच्या ऑफिसात साहेबांनी पुडकं सोडलं, तर आतून निघाली शिंप्याची पिवळीधमक टेप, इंच आणि सेंटिमीटर दोन्ही बाजूंनी छापलेली! साहेबांनी ती टेबलभर पसरली आणि गंभीरपणे म्हणाले, “बाई, ही दीड मीटर आहे. आम्हाला अर्धा तास लागतो.”

चूक कोणाची म्हणणार? जीन्सच्या कारखान्यात मास्टर म्हणजे कटिंग मास्टर, आणि टेप म्हणजे मापाची टेप; त्याची नवी टेपही त्याच दिवशी खाकी पुडक्यात येऊन वॉचमनकडे पडली होती. वॉचमनने मास्टरचं मला दिलं आणि माझं मास्टरला पोचवलं. मी रडत भावजींना फोन केला. खाकरणं नाही, विषय नाही, अवधी नाही. “थांब तिथेच,” म्हणाले आणि धडाधडा जिना उतरून कारखान्यात शिरले. तिथे मास्टरने कॅसेटचं झाकण उघडून आतली फीत वीतभर बाहेर ओढली होती आणि उजेडात धरून बघत होता. भावजींना पाहून उलट त्यानेच तक्रार केली, “भाईसाब, इसपे तो नंबरही नहीं है!”

पाचला दहा कमी असताना भावजी ऑफिसात आले. एका पायात स्वतःची चप्पल, दुसऱ्या पायात मास्टरची. फीत त्यांनी हाताने आत गुंडाळली होती. पुन्हा तपासायची तर अर्धा तास हवा, आणि उरली होती दहा मिनिटं. ते टेप छातीशी धरून उभे राहिले. मला वाटलं, हा माणूस ती देणार नाही. घड्याळाकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं आणि म्हणाले, “ती म्हातारी वाट बघतेय ना गं?” मग डोळे मिटून टेप साहेबांच्या हातात दिली. मी त्यांच्याशी उभ्या जन्मात इतकी भांडले, पण त्या क्षणी त्यांच्या पाया पडावंसं वाटलं.

रविवारी आजीच्या ओटीवर अख्खी आळी लोटली होती. भावजी सगळ्यांत पुढे, मांडी घालून. कार्यक्रम मस्त चालला, आणि आजीने नवरीच्या पाठवणीचा धवला धरला तेव्हा पडद्यावर तिच्या गालावरून एक पांढरी रेघ सर्रकन गेली. मास्टरने ओढलेली तीच जागा! कोणाच्या लक्षातही आलं नाही, बायका पदराने डोळे पुसत होत्या. मी मात्र भावजींकडे बघितलं. त्यांचा चेहरा पांढराफटक.

संपल्यावर आजीने वळून नेमकं त्यांनाच विचारलं, “कसा झाला रं बाला?”

“आजी,” भावजी म्हणाले, “एकसुद्धा चूक नाही.”

आता टेपा गेल्या, कार्यक्रम बटण दाबून जातात, आणि भावजी घरी असतात. आजी आहे, पण तिचा गळा गेला. परवा चिखलोलीला तिच्या पणतीचं लग्न झालं, तिथे लावायला पणतीने तोच धवला मागून घेतला. वाहिनीकडून परत आलेली तीच टेप भावजींनी जपून ठेवली होती, तिच्यावरून त्यांनी तो कॉम्प्युटरवर काढून दिला. मी म्हटलं, “आता ती रेघ पुसता येते की, दोन मिनिटांचं काम!”

“राहू दे,” ते म्हणाले. “आजीला मी चूक नाही म्हणून सांगितलंय.”