टकटककाकांचे कान

गिटार बनवणाऱ्या या माणसाला अख्खी गल्ली टकटककाका म्हणायची. फळी दिसली की काका बोटाच्या पेराने ती वाजवणारच. पाहुणे म्हणून गेले तरी आधी टेबल ठोकायचे, मग खुर्चीत बसायचे. बायकोने तर हात टेकले होते. गिऱ्हाईक मात्र त्या ठोकण्यावर भरवसा ठेवूनच यायचं. "पाठ शिसवीची घ्या, आवाज घुमेल. पण आधी वरची फळी बघा," काका सांगायचे. "जाड राहिली तर आवाज टोचतो. फार तासली तर ढब्ब होतो, वर तारांच्या ओढीनं फळी फुगते. कुठं थांबायचं ते कानालाच कळतं."

त्या कानांनीच दगा दिला तर? हा विचार हल्ली काकांची पाठ सोडत नव्हता. मध्यंतरी घड्याळाची टिकटिक थांबली म्हणून ते सेल बदलायला बसले, तर बायको म्हणाली, "अहो, चालू आहे की ते." काकांनी हसण्यावारी नेलं, पण भीती जी मानगुटीवर बसली ती उतरेना. डॉक्टरकडे जायला पाय उचलत नव्हता. त्याने खरं सांगितलं तर पुढे करायचं काय?

अशात लेक घरी आली. ती आता मुलांना गिटार शिकवणार होती आणि तिला स्वतःचं वाद्य हवं होतं. काकांनी यंदा केलेल्या गिटारी हौसेने तिच्यापुढे मांडल्या. तिने एकेक वाजवून पाहिली आणि बाजूला ठेवली. मग भिंतीवरची जुनी, तिच्या लहानपणी केलेली गिटार तिने काढली. ती छेडताना तिचे खांदे सैल झाले.

"मला हीच द्या, बाबा."

"नव्यांत काय वाईट आहे?"

"वाईट नाही. कानाला लागतात जरा. फळी जाड ठेवलीत का?"

काकांनी एक नवी गिटार उचलून तिची फळी ठोकली. फळी ठोकताना बारीक सूर कमी ऐकू येतो, म्हणून जास्त तासली जाईल या धाकाने ते आताशा रंधा लवकर थांबवत होते. सूर फळीत होता, तो त्यांच्या कानात शिरत नव्हता. आणि विकल्या गेलेल्या गिटारी? त्या कुणाकुणाच्या घरी टोचत असतील?

"सगळ्यात बारीक तार छेड," ते कसंबसं म्हणाले. "आवाज संपला की सांग."

तिने तार छेडली. काकांना एक 'टण' ऐकू आलं, मग काहीच नाही. लेक मान कलती करून ऐकतच होती.

"संपला?"

"नाही, बाबा."

काका तिच्या तोंडाकडे बघत राहिले.

"आता?"

"अजून आहे," म्हणत तिने वर पाहिलं. बापाचा चेहरा दिसताच तिने हळूच तारेवर बोट ठेवलं.

"आता संपला, बाबा," ती म्हणाली.