कडक स्प्रिंग

बोरिवलीत जंगलाला खेटून राहायचं म्हणजे माकडं आलीच. आमच्याकडे एक जाड्या हुप्प्या यायचा आणि त्याच्या मागून पोटाशी पिल्लू धरलेली एक माकडीण. एकदा जाड्यानं आईच्या हातातली केळ्यांची पिशवी हिसकावली आणि त्या झटक्यानं आई बाल्कनीत पडली. "मी लगेच उठलंय," असं तिनं मला संध्याकाळी ऑफिसातून आल्यावर तिच्या मालवणीत सांगितलं. पण त्यानंतर तिनं बाल्कनीत पाऊल टाकलं नाही. आमसुलं वाळवणं बंद, समोरच्या काकूंशी गप्पा बंद. आतल्या खोलीत भिंतीकडे बघत बसायची. मला ते बघवेना.

माझ्याकडे हौसेनं घेतलेली एअरसॉफ्ट गन होती. ऑफिसातल्या मित्रांबरोबर रविवारी खेळायला घेतलेली, बॅटरीवर चालणारी, प्लॅस्टिकच्या गोळ्यांची. पहिले चार दिवस माकडं पळाली. पाचव्या दिवशी जाड्याला पाठीत गोळी बसली तर त्यानं नुसतं खाजवलं. माझं डोकंच फिरलं.

साकीनाक्याच्या एका गाळ्यात असल्या गन उघडणारा एक मेकॅनिक आहे. तो म्हणाला, "नुसती स्प्रिंग कडक केली ना, तर गिअर जातील, साहेब. बदलायचं तर दोन्ही बदला. पण एवढा जोर कशाला?"

"टार्गेटसाठी," मी बिनदिक्कत खोटं बोललो आणि दोन्ही बदलून घेतलं.

घरी येऊन बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यावर गोळी झाडली. चांगला पोचा पडला. मी खुशीत आईला दाखवायला गेलो. तिनं पोच्यात बोट घातलं.

"ह्या त्या पिल्लाक लागला तर?"

"अगं, तुझ्यासाठीच करतोय ना! घाबरून बसलीयेस तू!" मी ओरडलोच.

"माकडांक कोण भिता?" ती म्हणाली. मग डब्याकडे बघतच बोलली, "मी पडलंय तेव्हा घरात कोण नाय होता. दोन तास लादयेर पडान हाका मारीत होतंय. माका तेचा भ्या वाटता."

दोन तास. आणि मी महिनाभर माकडाशी भांडत होतो. स्वतःची इतकी लाज मला क्वचितच वाटली असेल.

शनिवारी जुनी स्प्रिंग परत बसवून आणली. घराची दुसरी किल्ली काकूंकडे दिली आणि रोज दुपारी दोनला फोन करायचं ठरवलं.

परवा तिनं फोन उचलला नाही. पुन्हा केला, पुन्हा नाही. ऑफिसात मी जागेवरून उठलोच. काकूंना फोन लावला, तो चालूच ठेवून त्या किल्ली घेऊन धावल्या, आणि तीन-चार मिनिटं मी त्यांच्या चपलांचा आवाज ऐकत राहिलो.

मग पलीकडून आईचाच आवाज आला, वैतागलेला.

"काय रे? बाल्कनीत आमसुलां वाळत घालतंय. फोन ऐकाक येवक नाय."