ब्राझीलचं पान

मी लेखक नाही. आमच्या घरातून कॉलेजात गेलेला मी पहिलाच. अजूनही लिहायला बसलो की परीक्षेच्या पेपरासारखा डावीकडे समास सोडतो. तरी आमच्या शेजारच्या आबांविषयी लिहायचं धाडस करतो आहे, त्याबद्दल आधीच माफी मागतो.

"पान हाय म्हंजे मानूस हाय," असं आबा म्हणत.

कर्जतजवळच्या कोंडाणे लेण्यांच्या वाटेवरचं आमचं गाव भातशेतीचं. गावदेवीच्या गावजेवणाला पत्रावळी मांडायचा मान आबांचा. मुंबईला गेलेल्यांचीही पानं ते मांडत. रिकाम्या जागेसमोर भात-वरण वाढलं की "बस रं, सावकाश जेव," असं त्या जागेला सांगत आणि पुढे सरकत. पहिलं पान त्यांच्या मुलाचं. तो गिरणीत लागला, तिकडेच संसार थाटला आणि हळूहळू यायचाच बंद झाला.

पुढे पुढे जेवणाऱ्यांपेक्षा रिकामी पानंच जास्त दिसायला लागली. कुत्री पंगतीच्या आधीच येऊन बसत. पाटील वैतागले.

"आबा, आता हजर असंल त्याचंच पान. बाकीची बंद."

त्या सुमारास मला अर्थशास्त्रात भारत आणि ब्राझील यांच्या ग्रामीण लोकसंख्येची तुलना होती. ओट्यावर बसून मोठ्याने वाचत होतो. शेजारी आबा पत्रावळी टाचत होते.

"काय वाचतोस रं?"

मी जमेल तसं सांगितलं. दोन्ही देशांत माणसं खेडी सोडून शहरात चालली आहेत, पण ब्राझीलची खेडी फार वेगाने रिकामी होत आहेत.

आबांचा हात थांबला. "तिकडं गेलेल्यांची पानं मांडत नसतील."

"पुस्तकात तसं काही नाही, आबा."

"मंग पुस्तक अर्धं हाय."

देवळातल्या बैठकीत त्यांनी मला उभं केलं. "ह्यो कालेजात शिकतो. सांग रं पाटलांना, बराझीलमंदी काय झालं ते."

मी घाम पुसत सगळं सांगितलं. पाटलांनी गंभीरपणे ऐकून विचारलं, "मंग तिथला पाटील काय करत व्हता?"

हेही पुस्तकात नव्हतं. सगळी बैठक ब्राझीलच्या पाटलावर भडकली. शेवटी आमचे पाटील म्हणाले, "ऱ्हाऊ द्या पानं. आपली तशी गत नको."

आबांचं तेवढ्याने भागलं नाही. "बराझीलचंबी एक पान मांडू. त्यांना कोन हाय?"

त्या वर्षी लेणी बघायला आलेला एक गोरा तरुण वाट चुकून नेमका पंगतीच्या वेळी गावात शिरला. "आला रं, बराझीलचा आला!" म्हणत आबांनी त्याला हाताला धरून पानावर बसवलं. मी मोडक्या इंग्रजीत चौकशी केली. तो हॉलंडचा निघाला. आबांच्या कानात सांगितलं, तर म्हणाले, "आसूदे. शेजारचा आसंल. निरोप देईल."

मग मुलाच्या पानाकडे बघत म्हणाले, "येवढ्या लांबचा आला."

मी पुढे नोकरीसाठी नागपूरला आलो. माझंही गावजेवण चुकायला लागलं. परवा चुलतभाऊ आला, तेव्हा आबा गेल्याचं कळलं. यंदाची पानं पाटलांनी स्वतः मांडली म्हणे. माझं होतं, आबांचंही होतं. पंगत बसल्यावर आबांचा मुलगा आला. आपलं पान कोणतं, हे त्याला ठाऊक नव्हतं. तो ब्राझीलच्या पानावर बसला.

कुणी त्याला उठवलं नाही.