शेवटचा परिच्छेद

त्या काळी आमचा मुलूख भंडारा जिल्ह्यात होता आणि राज्य इंग्रजांचं. दवनीवाड्याच्या बाजूच्या एका खेड्यात मी चवथीचा मास्तर होतो. चवथीला निबंध असे आणि निबंध म्हणजे पाठांतर. हेडमास्तरांकडे एक छापील पुस्तक होतं. त्यातलं पोरांनी घोकायचं आणि डिप्टीसाहेब शाळा तपासायला आले की जसंच्या तसं उतरवायचं. तळ्याकाठी वाढलेली पोरं 'समुद्रकिनाऱ्यावरील संध्याकाळ' धडाधड लिहीत. मधलं एक वाक्य विसरलं की सगळं ठप्प. मला त्याची शिसारी आली होती.

एकदा वर्गातली मासे धरणाऱ्या ढिवराची मुलगी उशिरा आली. मी दरडावून कारण विचारलं.

"उशीर झाला गुर्जी, पन चूक माझी नाही," ती म्हणाली. "बाप मासोळ्या घेऊन बाजारात गेला. मायले ताप आला. मंग लहान्याले कोन पाहीन? आत्या आली, तवा मी निंगाली."

मी वर्गाकडे वळलो. "ऐकलंत? आधी म्हणणं, मग कारणं, एकातून दुसरं निघालेलं. हाच निबंध."

पोरं हसली. त्यांना वाटलं, गुरुजी गंमत करून राहिले.

मी पुस्तक बंद केलं ते कायमचं. आधी एका वाक्यात सांगायचं, तुमचं म्हणणं काय. ते जमेपर्यंत पेन्सिल उचलायची नाही. एका परिच्छेदात एकच गोष्ट. "धानाच्या एका बांधीतलं पाणी दुसऱ्या बांधीत जायला मधल्या धुऱ्याला तोंड ठेवता ना? तसं एका परिच्छेदातून दुसऱ्यात जायला वाट ठेवा," असं सांगितल्यावर शेतकऱ्यांची पोरं पटकन समजली. मग एकाच्या निबंधाचे परिच्छेद वेगवेगळ्या पाट्यांवर लिहायचो, पाट्यांची सरमिसळ करायचो आणि बाकीच्यांना क्रम लावायला लावायचो. पाट्या कशाही लावल्या तरी चालतंय असं दिसलं, की ज्याचा निबंध तोच ओरडायचा, "पुसा गुर्जी, जमला नाही!"

हेडमास्तर वैतागले. "पोरं नापास झाली म्हणजे?"

"झाली तर स्वतःच्या वाक्यानं होतील," मी म्हणालो.

धानकापणीच्या दिवसांत डिप्टीसाहेबांचा दौरा लागला. साहेब येणार म्हणजे गावाला बेगार. मालगुजाराच्या, म्हणजे गावच्या जमीनदाराच्या, माणसांनी सामान वाहायला गाड्या जुंपून नेल्या. कुणाकडून कोंबड्या, कुणाकडून दूध नेलं. त्या मुलीच्या बापाला भर थंडीत पहाटे तळ्यात उतरवून जाळं टाकायला लावलं. मोबदला कुणालाच नाही.

साहेब तसा शांत माणूस, मराठीच. त्यांनी फळ्यावर विषय लिहिला : 'सरकारी अंमलदाराचे गावात आगमन'. हेडमास्तरांचा जीव भांड्यात पडला. कमानी, हार, जयजयकार. पोरं काहीतरी गोड लिहितीलच.

ढिवराच्या मुलीनं पाटीवर लिहिलं, ते मला आजही पाठ आहे. पहिलंच वाक्य : 'साहेब येतात तेव्हा आमच्या गावाचे काम बंद पडते.' मग गाड्या गेल्यामुळे कापलेलं धान शेतातच कसं पडून राहिलं ते. पुढे, ज्यांच्याकडे गाड्या नाहीत त्यांच्याकडून काय नेतात ते, आणि तिथून बापाच्या जाळ्यावर. शेवटचा परिच्छेद एका वाक्याचा : 'म्हणून साहेबांनी जरूर यावे, पण आपली शिदोरी घेऊन यावे.'

साहेबांनी ते दोनदा वाचलं. हेडमास्तर घाम पुसू लागले.

"हे तुम्ही सांगितलंत?" साहेबांनी मला विचारलं.

"कसं लिहायचं ते मी शिकवलं. काय लिहायचं ते तिचं."

ते मुलीकडे वळले. "बाकी राहू दे. शेवटचा परिच्छेद तेवढा खोड."

"कायले?"

साहेबांना अशी उलट विचारणा कुणी केली नसावी.

"उद्धट वाटतं ते."

"पन वरतं सगळं खरं आहे ना जी?" मुलगी म्हणाली. "वरतं खरं आहे, तं खालचं त्याच्यातूनच निंगते. खालचं खोडलं तं वरतं कायच्यासाठी लिवलं मंग?"

साहेबांनी पाटी माझ्यापुढे सरकवली. "मास्तर, तुम्ही खोडा."

मी घाबरलो होतो, हे सांगायला लाज नाही. घरी चार तोंडं माझ्या पगारावर होती. पण ज्या पोरीला मी महिनोन्महिने सांगितलं की जे सिद्ध केलंस ते शेवटी ठासून म्हण, तिच्याच डोळ्यांदेखत मी तिचं वाक्य पुसू?

"यात चूक असेल तर दाखवा साहेब, मी पुसतो," मी म्हणालो. "चूक नसेल तर मी पुसणार नाही."

साहेब उठून गेले.

लेखी खुलासा मागवला गेला. मी लिहिलं : मी निबंध शिकवला, मुलीने तो लिहिला, त्यातली चूक अजून कोणी दाखवलेली नाही. उत्तर आलं नाही, बदलीचा हुकूम आला. देवरीकडच्या जंगलातली एकशिक्षकी शाळा.

निघायच्या आधी मुलीचा बाप घरी आला. मालगुजारानं त्याला बोलावून पोरीचं नाव शाळेतून काढायला सांगितलं होतं.

"मग काय ठरवलं?" मी विचारलं.

"थंडीत पान्यात मीच उतरलो होतो ना जी," तो म्हणाला. "पोरीनं लबाड लिवलं असतं तं काढलं असतं नाव."

ती चवथी पास झाली. देवरीच्या बाजारात त्या गावचा एक माणूस भेटला, त्यानं पुढचं सांगितलं. दुसऱ्या हंगामात आणखी कुणी साहेब आले, तेव्हा गाववाल्यांनी धान शेतातून हलेपर्यंत गाड्या दिल्याच नाहीत. शिव्या खाल्ल्या, दोघांनी मारही खाल्ला, पण धान आधी खळ्यावर आणलं.

"आणि मासोळ्या?" मी विचारलं.

"मासोळ्या दिल्या," तो हसला. "पन पैसे घेऊन."