नव्या बंदुकीचं कुंकू

अंबडजवळच्या शूटिंग रेंजवर दर रविवारी मी निशाण्याच्या मधल्या ठिपक्यासाठी झटत असतो. तीन वर्षांत तो एकदाही लागलेला नव्हता. एका रविवारी शेजारच्या लेनमध्ये पन्नाशीचे एक गृहस्थ नवीकोरी छऱ्याची रायफल घेऊन आले. बुलपप होती, हिचे छर्रे घोड्याच्या मागे, पार गालापाशी भरतात, म्हणून ती आखूड दिसते. त्यांनी तिला झेंडूचा हार घातला, नारळ वाढवला, मलाही खोबरं दिलं आणि तिच्यावर बसवलेल्या दुर्बिणीच्या काचेवर कुंकवाचं ठसठशीत बोट लावलं.

मग दहा छर्रे मारले. प्रत्येक वेळी आधी बंदुकीला नमस्कार. समोरचा कागद कोराच राहिला.

"काका, काचेवरचं कुंकू पुसा ना," मी म्हणालो. "दिसणार कसं?"

"पहिल्या दिवशी पुसत नाहीत," ते शांतपणे म्हणाले. "स्कूटर घेतली तेव्हाही पहिल्या दिवशी फक्त मंदिरापर्यंत नेली होती. आज हिनं नुसतं दर्शन घेतलं समजा."

कोऱ्या कागदाची नीट घडी घालून, बायकोला दाखवायला म्हणून ते घेऊन गेले.

मी माझा कागद काढला. मीही दहाच छर्रे मारले होते, पण भोकं अकरा होती. बरोबर मधोमध एकच होतं.

ते माझंच, असं मी घरी सांगितलंय.